ओंजळीत ठेवलेला आवाज

कानू या यंत्रमानवाने टिपलेले आवाज तीन ठिकाणी साठवलेले असायचे. त्यातलं पहिलं ठिकाण इलाच्या टॅबवर चटकन उघडलं. दुसरं उघडलंच नाही. उलट टॅबने विचारलं, ‘ही डिस्क ओळखता येत नाही. साफ करून वापरायची का?’ तिसरं उघडलं, पण आत काहीच नव्हतं. यंत्रमानव एकच, कान तेच, मग असं कसं? इलाने तिन्ही ठिकाणं पुन्हा एकदा तपासली. कारण तिला हवा होता तो आवाज काल संध्याकाळचा होता, आणि तो पहिल्या ठिकाणी नव्हता.

इला बारा वर्षांची. दरवर्षी श्रावणात ती देवगडला आजोबांकडे राहायला यायची. आजोबा म्हणजे डॉ. दिगंबर साटम. बेडकांच्या आवाजांचा अभ्यास करण्यात त्यांचे केस पिकले होते. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या उघड्या पठारावर) त्यांच्या वतीने कानू फिरायचा. चार पायांचा, शेळीएवढा, पाठीवर दोन मोठे कान असलेला हा यंत्रमानव बोलायला मोठा सज्जन होता. चालायला मात्र धांदरट.

त्या सड्यावरच्या एका कोंडीत (पावसाळी पाण्याच्या खळग्यात) चिऱ्या बेडूक राहत असल्याचा आजोबांना संशय होता. अंगठ्याच्या पेराएवढा, कातळाच्याच रंगाचा हा बेडूक कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता. आता तिथे चिऱ्यांची (बांधकामाच्या जांभ्या दगडांची) खाण निघणार होती. परवानगीबद्दलची सुनावणी उद्यावर आली होती. कोंडीत हा बेडूक आहे याचा यंदाचा पुरावा दाखवला, तर खाण थोडी पलीकडे सरकवता येणार होती.

आणि काल संध्याकाळी तो ओरडला होता. दाराची कडी दोनदा हलवून सोडावी तसा आवाज. इलाने तो स्वतः ऐकला होता. कानू म्हणालासुद्धा होता, “टिपला. छान आलाय.”

परतताना कानूचा पाय कातळाच्या भेगेत अडकला. तो जागच्या जागी तीन पायांवर नाचत राहिला. हाका मारल्या तरी उत्तर देईना. आता साटमांच्या घरात कोणतंही यंत्र रुसलं की त्यावर एकच औषध. मिक्सर असो, पाण्याचा पंप असो, आजोबा म्हणायचे, “देवाला गाऱ्हाणं घालण्याआधी बटण बंद करून चालू करून बघ.” इलाने तेच केलं. पाय सोडवला, बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. कानू शहाण्यासारखा उठला आणि घरी आला. इलाला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

आता टॅबवरच्या त्या प्रश्नाखाली ‘हो’ असं हिरवं बटण लुकलुकत होतं. आवाज या दुसऱ्या डिस्कवर असेल आणि साफ केली की ती उघडेल, असं वाटून इलाचं बोट पुढे झालं. तेवढ्यात मागून आजोबांनी तिचं मनगट धरलं.

“थांब गो. ते बटण दाबलंस तर माझी बारा पावसाळ्यांची मेहनत जाईल.”

“पण टॅब म्हणतोय, ओळखता येत नाही.”

“त्याला ओळखता येत नाही म्हणून आत काही नाही असं होतं का? तुला तमिळ वाचता येत नाही, म्हणून तमिळ पुस्तक कोरं असतं?”

इलाने मग सगळं सांगितलं. पाय अडकल्याचं, बटणाचं, रिकाम्या तिसऱ्या ठिकाणाचं. आजोबा ऐकत गेले. बटणाचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. मग ते खाली, तिच्या शेजारी बसले.

“काय झालं ते तुला नीट कळायला हवं,” ते म्हणाले. “डिस्क म्हणजे कोट्यवधी बारीक बारीक जागा. त्यांना स्वतःला काही कळत नाही. कोणत्या जागेत काय ठेवलं, त्याचं नाव काय, ते कुठे संपतं, हे सांभाळणारी जी शिस्त, ती फाइलसिस्टिम (माहिती मांडण्याची पद्धत). आणि पद्धत एकच नसते. आपण भात कणगीत ठेवतो, लोणचं बरणीत. का?”

“लोणचं कणगीत ठेवलं तर गळेल.”

“तसंच हे. कानूचं हे सुटं कार्ड आहे ना, त्याची पद्धत ‘फॅट’. खूप जुनी आणि साधी. म्हणून जगातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र तिला ओळखतं. तुझ्या टॅबनेही ओळखली. पण तिच्यात फार मोठी फाइल मावत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर मांडणी विसकटू शकते. म्हणून आतल्या डिस्कला मी ‘एक्स्ट-फोर’ दिली. ही सावध बाई आहे. मांडणीत काही बदल करायचा तर आधी आपल्या रोजनिशीत (काय करणार याच्या टिपणात) लिहिते, मग करते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर टिपण वाचते आणि अर्धवट राहिलेलं निस्तरते.”

“ती टॅबला का येत नाही?”

“टॅब बनवणाऱ्यांनी त्याला मोजक्याच पद्धती शिकवल्या. त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला बघता येत नाही, त्यामुळे नवीन शिकवताही येत नाही. कानू चालतो तो लिनक्सवर. ती मुक्तस्रोत प्रणाली (जिची रचना कुणालाही वाचता येते, बदलता येते) आहे. जगभरच्या माणसांनी आपापल्या गरजेची पद्धत तिला शिकवली. कुणी भल्यामोठ्या फाइलींसाठी ‘एक्सएफएस’, कुणी ‘बटर-एफएस’. ती जुन्यावर गिरवत नाही, नवीन मजकूर वेगळ्या जागी लिहिते, त्यामुळे कालची प्रत राखून ठेवता येते.”

बटर ऐकून एरवी इला खुदकन हसली असती. आज तिने फक्त विचारलं, “आणि ते तिसरं, रिकामं?”

उत्तर कानूने दिलं. “ती टीएमपी-एफएस. तिला डिस्कच नसते. ती माझ्या चालत्या स्मृतीत राहते.”

“म्हणजे ओंजळ,” आजोबा म्हणाले. “ओंजळीत पाणी घेतलं की पटकन पिता येतं. भांडं शोधावं लागत नाही. पण हात सोडला की संपलं. बटण बंद झालं तेव्हा हात सुटला.”

इला कानूकडे वळली. “कानू, तुला माहीत होतं ना? मग तू सांगितलं का नाहीस?”

“मला कळत नाही, इला,” कानू म्हणाला. “मी फक्त ‘ठेव’ म्हणतो आणि ‘दे’ म्हणतो. मध्ये एक थर आहे. कार्ड असो, डिस्क असो, स्मृती असो, तो माझं म्हणणं ज्याच्या त्याच्या पद्धतीत सांगतो. त्यामुळे इतक्या पद्धती मला वापरता येतात. पण मला सगळी दारं सारखीच दिसतात. आत्ता तू रिकामं म्हणालीस, तेव्हा मी शोध घेतला.”

“दोष त्याचा नाही, तुझाही नाही,” आजोबा म्हणाले. “सारखं लिहून कार्डही झिजतं आणि डिस्कही, म्हणून दिवसभराचे आवाज ओंजळीत घ्यायचे आणि घरी आल्यावर डिस्कवर उतरवायचे, असं मीच ठरवलं. आणि बटण बंद करून चालू करायलाही मीच शिकवलं. दोन्ही शहाणपणं एकमेकांना भेटतील हे मात्र माझ्या टाळक्यात आलं नाही.”

इला आणि कानूने त्याच संध्याकाळी पुन्हा कोंड गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळीही. बेडूक काही बोलला नाही. सुनावणीत आजोबांनी सांगितलं की माझ्या नातीने आवाज ऐकलाय. सुनावणी घेणारा साहेब भला माणूस होता. त्याने इलाला जवळ बोलावून सगळं विचारलं. आतल्या डिस्कवरचा बारा वर्षांपूर्वीचा आवाजही ऐकला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मला यंदाचा पुरावा लागतो.” त्याचंही बरोबरच होतं, आणि म्हणूनच इलाला रागवायला कोणी सापडेना. पावसाने थोडी उघडीप देताच खाण सुरू झाली. यंत्राच्या करवतीने कातळ पावासारखा कापला. गणपतीच्या सुट्टीत इला आली तेव्हा कोंडीच्या जागी चौकोनी खड्डा होता आणि त्यात तांबडं पाणी.

इला खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. आपल्या एका बोटाने हे झालं, असं तिला वाटत होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण थोडं होतं, आणि ते थोडं तिच्या मनातून जाईना.

घरी आल्यावर ती कानूसमोर बसली. “तुझी रचना वाचता येते ना? मग आवाज ठेवायची जागा मला दाखव.”

कानूने दाखवली. आजोबांनी समजावलं, इलाने बदललं. आता प्रत्येक आवाज ओंजळीत आला की लगेच आतल्या डिस्कवरही उतरणार होता, आणि खरोखर लिहून झाल्यावरच कानू ‘टिपला’ म्हणणार होता. डिस्क झिजली तर झिजली.

“बैल गेला आणि झोपा केला,” इला स्वतःशीच पुटपुटली.

“गोठ्यात आणखी बैल असतील,” आजोबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात फारसा जोर नव्हता.

मग इलाला सुचलं. “आजोबा, तो बारा वर्षांपूर्वीचा आवाज दुसऱ्या सड्यावर वाजवला तर?”

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “नर बेडूक आपल्या हद्दीत परक्याचा आवाज ऐकला की गप्प बसत नाही. चल.”

खाडीपलीकडच्या सड्यावर त्यांनी कानूला कोंडींमधून फिरवलं. आजोबा छत्री टेकत मागे. त्या दिवशी ‘साफ करू का’ म्हणून टॅब जी डिस्क पुसायला निघाला होता, तिच्यातला आवाज कानूने कातळावर सोडला. कडी दोनदा हलली. मग शांतता. पुन्हा सोडला, पुन्हा शांतता. सूर्य खाली गेला, आजोबांचे गुडघे बोलायला लागले, आणि इलाने “चला” म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात उजवीकडच्या खळग्यातून कडी वाजली.

इला उडी मारणार होती. पण तिने श्वास धरला आणि अगदी हळू विचारलं, “कानू?”

कानू लगेच बोलला नाही. मग म्हणाला, “टिपला. डिस्कवर लिहून झालं.”

तेव्हा कुठे इलाने श्वास सोडला. पुन्हा एकदा कडी वाजली, आणि मग पुष्कळ वेळ तिसऱ्याचा, चौथ्याचा आवाज येतो का म्हणून तिघेही कान देऊन बसले. आला नाही.

“एकटाच आहे,” आजोबा म्हणाले. “खाणीत गेलेल्या कोंडीत कितीतरी असावेत.” थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं. “पण या सड्यावर अजून कोणी खाण मागितलेली नाही. आपण आधी कळवू. या वेळी आपण आधी.”

उतरताना एका भेगेत कानूचा पाय पुन्हा अडकला आणि तो नाचायला लागला. आजोबांचा हात सवयीने बटणाकडे गेला. इलाने आपला तळवा त्या बटणावर ठेवला, वाकून दुसऱ्या हाताने पाय सोडवला, आणि घर येईपर्यंत तो तळवा तिथून काढला नाही.