हद्दूच्या घरचं विरजण

ऑगस्टात फेस शहरात कपडे वाळत घालायला गच्ची मिळेल तर शपथ. सगळ्या दोऱ्यांवर मांस असतं. मीठ, लसूण, धणे आणि जिरं चोळलेल्या हातभर लांब पट्ट्या आठवडाभर उन्हात लटकून काळ्या, कडक होतात. मग त्या चरबीत आणि तेलात तासन्‌तास शिजवायच्या, पाणी पार आटलं की त्याच चरबीत बुडवून बरणीत भरायच्या, की झाला खलीअ. वर्षभर टिकतो. सकाळी अंड्यांबरोबर परतला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि ज्याच्या घरी नसेल तो उगाच बायकोवर डाफरतो.

हद्दूच्या घरचा खलीअ शहरात नावाजलेला होता. त्या घरात मांस कापायचं काम तामूचं. वय पंचेचाळीस, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जिन्न, नजर, ताईत हे तिच्या लेखी रिकाम्या डोक्यांचे उद्योग. जिन्न पाहिला म्हणणाऱ्याला ती आधी विचारायची, रात्री जेवला होतास काय? आई गेली तेव्हा धाकटा भाऊ मफद्दल चार वर्षांचा होता. त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं, तिनंच शाळेत सोडलं. त्याच्यावर तिचा जीव होता, आणि जीव लावायला तिला दुसरं कुणी नव्हतंही.

धंदा आजोबांचा. हद्दू एकतीस साली ताझाच्या डोंगरातून खाली उतरला आणि र्सीफच्या बोळात त्यानं तांब्याची एक कढई मांडली. कढई कधीही घासायची नाही, हा त्याचा दंडक. हंगाम संपला की तळाशी वीतभर चरबी राखायची आणि पुढच्या वर्षीचा घाणा तिच्यावर चढवायचा. दह्याला विरजण लागतं, तसं. घरात त्या चरबीला सगळे ‘आई’ म्हणत. चौसष्ट साली त्याच्या मुलानं, बूशतानं, बाब फ्तूह वेशीबाहेर शेड घेऊन सहा कढया मांडल्या आणि सहाही कढयांत जुन्या कढईतलं विरजण घातलं.

हद्दूच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. बूशताचा डावा हात कोपरापासून नव्हता. विचारलं तर दोघांचं उत्तर एकच असे, हात घसरला. उकळत्या चरबीशी गाठ असलेल्या धंद्यात हे काही नवल नाही, म्हणून कुणी खोदून विचारलं नाही. तामूनंही नाही.

चौऱ्याण्णवमध्ये मफद्दलनं ‘ऐन नोक्बी’ या वस्तीत कारखाना बांधला. स्टीलचे बारा हंडे, एकेक पुरुषभर उंच, खाली गॅसच्या शेगड्या, वर चालायला लोखंडी माळा.

“बा, ब्रसेल्सला आपली माणसं खलीअसाठी जीव टाकतायत,” तो वडिलांना म्हणाला. “आणि आपण अजून सहा कढयांत डाव फिरवत बसलोय.”

“डाव तुझी बहीण फिरवते,” बूशता म्हणाला. “तू नुसताच फिरतोस.”

“म्हणजे नको म्हणतोस?”

“मांड की. धंदा वाढलाच पाहिजे. फक्त नवं भांडं पहिल्या झटक्यात धरत नाही, एवढं ध्यानात ठेव.”

“मग काय करायचं असतं?”

म्हाताऱ्यानं चहाच्या किटलीत पुदिना दाबला. “धरतं ते आपोआप,” तो म्हणाला.

विरजण काढायला तामू स्वतः गेली. बाब फ्तूहच्या पहिल्या कढईतून तिनं बारा डबे भरून चरबी काढली. एका डब्यात दहा किलो मावत होती. बारावा भरून झाल्यावर तिनं कढईत डोकावून पाहिलं. चरबी वीतभरच होती, सुरुवातीला होती तेवढीच. आपण डबे मोजण्यात चुकलो असं तिनं ठरवलं आणि ते पुन्हा मोजले नाहीत.

नवी जागा म्हटली की उंबऱ्यावर रक्त सांडायचं, ही रीत. मफद्दलनं चारशे किलोचा बैल आणला. कारखान्याच्या दारात सहा जणांनी त्याला आडवा केला, खाटकानं बिस्मिल्ला म्हणून सुरी ओढली आणि रक्त उंबऱ्यावरून आत वाहत गेलं. लोक दुवा मागत होते. तेवढ्यात गळा उघडा पडलेला तो बैल चार पायांवर उभा राहिला आणि आत शिरला. दारामागे जिलाली नावाचा कामगार होता. बैलानं त्याला भिंतीवर दाबला, शिंग पोटात घालून वर उचलला आणि बाजूला टाकला. मग पहिल्या हंड्यापाशी जाऊन पाय मुडपून बसला, गोठ्यात बसावा तसा. त्याचा जीव जायला अर्धा तास लागला. जिलाली तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला.

“सुरी बोथट होती,” तामू म्हणाली. खाटीक तिच्याकडे बघत राहिला. त्याची सुरी तिनंच सकाळी धार लावून दिली होती.

एवढं रक्त सांडूनही हंडे धरेनात. पहिला घाणा उतरला, दोन दिवस गेले, तरी चरबी थिजेना. लोणच्यावरच्या तेलासारखी पिवळी, पातळच राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्यात बुडवलेलं मांस हिरवं पडलं. बारा हंड्यांतला माल ट्रकमध्ये भरून खड्ड्यात पुरावा लागला. मीठ बदललं, चरबी दुसऱ्या खाटकाकडून आणली, हंडे वाफेनं धुतले. दुसरा घाणाही तसाच गेला. बाब फ्तूहच्या सहा जुन्या कढया मात्र नेहमीसारख्या पांढऱ्याशुभ्र थिजत होत्या.

मफद्दल जेवेनासा झाला. बतूल, त्याची बायको, ताटं झाकून ठेवायची आणि सकाळी तशीच उचलायची. तिसऱ्या घाण्याच्या वेळी पहिल्या हंड्याचं झाकण त्याच्या हातून निसटलं आणि मधल्या बोटावर आदळलं. नखासकट वरचं पेर तुटून आत पडलं. तामूनं त्याचा हात आपल्या ओढणीत गुंडाळला. तो ओरडला नाही, हंड्यात वाकून बघत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा हंड्यांत पातळ पिवळी चरबी होती. पहिल्यातही तीच. फक्त मधोमध एक पांढरी चकती धरली होती, बशीएवढी. तामूनं अंगठा दाबून पाहिला. घट्ट, दाणेदार, जशी हवी तशी. तिथं गारवा जास्त असेल म्हणून तिनं हंड्याला चारी बाजूंनी हात लावला. स्टील सगळीकडे सारखंच कोमट होतं.

“लल्ला,” मफद्दल हळूच म्हणाला. थोरल्या बहिणीला तो नेहमी अशीच हाक मारी. “आजोबांची करंगळी गेली, तेव्हा एक कढई होती. बाचा हात गेला, तेव्हा सहा.”

“गप्प बस.”

“हे बारा आहेत. माझ्या एका पेराची बशी झाली.”

“मफद्दल, घरी जा. बतूल वाट बघत असेल.”

“जिलालीचं रक्त कामी आलं नाही, कारण तो आपल्यातला नव्हता.” त्यानं माळ्यावरून खाली पाहिलं. बूशता दाराशी खुर्ची टाकून बसला होता, पायघोळ जलाब्याची डावी बाही कोपराशी शिवलेली, हनुवटी छातीवर. “बा एक्क्याऐंशीचा आहे,” मफद्दल म्हणाला. “आणखी किती जगणार आहे?”

तामूनं त्याच्या तोंडात भडकावली. जन्मात पहिल्यांदा. त्याचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. तो हसला. “तूच वाढवलंस मला,” तो म्हणाला. “तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?”

ती घाबरली. बापासाठी घाबरलीच, पण खरं सांगायचं तर भावासाठी जास्त. याच्या हातून हे घडलं की हा माणसात राहणार नाही, आपल्या हातांनी वाढवलेलं पोर आपल्याला परत मिळणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळी ती म्हाताऱ्यासमोर जाऊन बसली.

“बा, उद्यापासून तू कारखान्यावर यायचं नाहीस.”

“का गं?”

“मफद्दलचं डोकं ठिकाणावर नाही.”

“सहा कढया मांडल्या तेव्हा माझंही नव्हतं.” बूशतानं खजुराची बी थुंकली. “माझ्या बापाला मीही एकदा कढईपाशी नेलं होतं. बघ म्हटलं, कसं धरतंय.”

“मग?” तिनं विचारलं.

“मग काय? हात घसरला,” तो म्हणाला आणि दुसरा खजूर घेतला.

शुक्रवारी दुपारी कामगार नमाजाला गेले. पहिल्या हंड्यात नुसतीच चरबी उकळत ठेवली होती, मांस अजून घालायचं होतं. तामू शेजारच्या खोलीत पट्ट्या कापत होती. बाला आपण घरी बसवून आलोय, दाराला बाहेरून कडी घातली आहे, असं ती मनाशी घोकत होती. बाहेर गाढवाच्या खुरांचा आवाज होता, गॅसचा फुरफुराट होता, आणि माश्या होत्या.

मग लोखंडी जिना वाजला. दोन माणसांची पावलं.

ती सुरीसकट धावली.

वर मफद्दलनं म्हाताऱ्याला हंड्याच्या काठाशी आणलं होतं. “बघ बा,” तो म्हणत होता, “वाकून बघ, धरतंय का.” आवाज अगदी प्रेमळ होता. मग त्यानं दोन्ही हात त्याच्या पाठीत घातले आणि ढकललं.

“मफद्दल,” तामूनं हाक मारली. लहानपणी तो विहिरीपाशी गेला की मारायची, तशी.

म्हाताऱ्यानं उजव्या हातानं कठडा पकडला होता. तो हलला नाही. मफद्दल पुन्हा रेटू लागला आणि मध्येच थांबला. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं दोन्ही हात स्वतःच्या गळ्याकडे नेले.

तामू माळ्यावर पोचली तेव्हा तिला गळा दिसला. गळ्याच्या कातडीत पाच खड्डे पडले होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. खड्डे खोल जात होते आणि कडेची कातडी पांढरी होत होती.

बूशताचा उजवा हात कठड्यावरच होता. डाव्या बाहीची शिवण उसवली होती आणि रिकामी बाही ताठ, आडवी, मफद्दलकडे वळलेली होती.

“बा, सोड त्याला,” ती म्हणाली.

“मी कुठं धरलंय?” म्हातारा म्हणाला.

तिनं सुरी उगारली आणि बाही आणि गळा यांच्यामध्ये, जिथं काहीच नव्हतं तिथं, सगळ्या ताकदीनं घातली.

सुरी हाडावर बसली.

तीस वर्षं मांस कापलेल्या बाईला हाड कळतं. पातं अर्धा इंच रुतलं, हाताला झिणझिण्या आल्या. तिनं ते हिसकून काढलं आणि पुन्हा घातलं. तिसऱ्यांदाही घातलं. पकड सुटली नाही. मफद्दलच्या घशातून लल्ला असं काहीसं आलं, नाकातून रक्त आलं, आणि तो कमरेतून मागे वाकत, टाचा लोखंडावर घासत, हंड्याच्या काठावरून आत गेला.

चरबी एकदा उसळली. तामूचा हात मनगटापर्यंत भाजला.

तिनं गॅस बंद केला. हंडा पुढे झुकवायचं चाक होतं, ते फिरवलं. चरबी खालच्या परातीत ओतत गेली, आणि ती त्या चरबीत भाजक्या हातानंच शोधू लागली.

हाड नव्हतं. बूट नव्हता, पट्ट्याचं बक्कल नव्हतं, केस नव्हते.

पट्ट्या होत्या. हातभर लांबीच्या, वाळवलेल्या, मिठानं आवळलेल्या, शिजून तयार. प्रत्येकीचं शेवटचं टोक किंचित तिरकं होतं. अशी तिरकी सुरी फेसमध्ये एकच बाई वळवते. लहानपणी डाव्या हातानं कापायची खोड होती, ती गेली नव्हती. तामूनं एक पट्टी उलटसुलट करून पाहिली. काप तिचाच होता.

परातीतली चरबी तिच्या बोटांभोवती पांढरी होत चालली होती. मागे दुसरा हंडा टचकन वाजला, थिजताना धातू वाजतो तसा. मग तिसरा. मग पुढचे, ओळीनं.

बूशता जिना उतरून आला. उसवलेली बाही त्यानं कमरपट्ट्यात खोचली होती. त्यानं वाकून बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून चव घेतली.

“धरलं,” तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. “मीठही बरोबर आहे. नव्या भांड्यातला पहिला डाव घरी जातो, पोरी. तूच घेऊन जा.”

तामूला नाही म्हणायचं होतं. ती नाही म्हणतेय असं तिला वाटतही होतं. हातांनी वाडगा भरला.

बतूलनं दार उघडलं. तिनं तामूच्या हाताला बांधलेलं फडकं पाहिलं, मग वाडगा पाहिला, आणि तिचं तोंड उजळलं. “झालं म्हणजे एकदाचं,” ती म्हणाली. “देवाची कृपा. आता तरी जेवतील हे.” तिनं शेगडी पेटवली, कढईत चार अंडी फोडली, वरून दोन पट्ट्या हातानं कुस्करून टाकल्या. वास सुटला. असा वास त्या घरात कधी आला नव्हता, गल्लीतून जाणारा माणूस खिडकीखाली थांबला. बतूलनं पाव आणले, थाळ्या मांडल्या.

“यांच्यासाठी थांबूया का?” तिनं विचारलं.

“नको,” तामू म्हणाली. “गरम आहे तोवर घे.”

आणि तिनं थाळी आपल्याकडे ओढली. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.