कावेरीनं वाचलेली कादंबरी

कडा गावात केबल आली त्या वर्षी दुपार झाली की पेठेतली घरंच्या घरं टीव्हीपुढं बसू लागली. गुरुपादअप्पांची नजर मात्र काचबिंदूनं गेली होती. तरुणपणी अर्ध्यात सोडलेली एक कादंबरी त्यांच्या मनातून जात नव्हती. सून कावेरीनं ती वाचनालयातून आणली. उशीएवढी जाड, मांडीवर ठेवूनच वाचावी लागे.

"येवढी वाचून काढशील?" अप्पा हसले. "मी हरलो हिच्यापुढं. तू काय टिकतीस!"

"शेवटच्या पानापर्यंत वाचते, मामा. बघाच तुमी."

नवरा अमरनाथ पुढं किराणा दुकानात आणि ही दोघं मधल्या खोलीत. गुळाचा वास, कूलरची घरघर. सुरुवातीला नावांचाच तिला गोंधळ व्हायचा. पण म्हातारा मान पुढं काढून असा ऐके, की तिलाच थांबवेना.

चैत्रात आई आजारी पडली म्हणून कावेरी पालीला गेली. तिथं तिचा घसा बसला. दुपारी भाकरी खाऊन आडवी झाली की घशाला कोरड पडे, संध्याकाळपर्यंत शब्द फुटत नसे. आईला वाटलं, गावाशेजारच्या धरणावरचं वारं बाधलं.

परत आली तेव्हा पुस्तकातली खूण कितीतरी पुढं सरकलेली.

"मामा, कुणी वाचलं हे?"

"तूच की. रोज."

"मी तर पालीला व्हते."

"चेष्टा करतीस व्हय?" अप्पांनी मधला सगळा भाग सांगितला. ती पानं चाळत राहिली. कुठंच चूक नव्हती.

शेजारच्या सुंदरबाईनं तर भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "लई झ्याक वाचता तुमी. मधी दमसुदिक घेत न्हाई."

"उद्याच परत कर ते पुस्तक," अमरनाथ म्हणाला.

अप्पांनी तिचा हात घट्ट धरला. "पुन्हा अर्ध्यात नको, पोरी."

कावेरीला भीती वाटत होती. पण कादंबरी संपली, की आपल्या आवाजात वाचणाऱ्या त्या दुसरीला वाचायला काही उरणार नाही, असं तिनं मनाशी धरलं. ती भराभर वाचू लागली. आवाज चिरकला, तरी थांबली नाही.

एका दुपारी शेवटचं पान आलं. शेवटची ओळ वाचून तिनं पुस्तक मिटलं.

अप्पा ऐकतच होते.

मान पुढं. तोंड तिच्याकडं नव्हतं, पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडं होतं.

"मामा, संपली," ती म्हणायला गेली.

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

तिनं दुकानाकडं तोंड करून अमरनाथला हाक मारली. नुसता श्वास बाहेर पडला.

अप्पा कोपऱ्याच्या दिशेनं समाधानानं हसले.

"सावकाश वाच, कावेरी. आता कसली घाई न्हाई."