घमेल्याखालची घोणस

ही गोष्ट मी कुठून ऐकून सांगत नाहीये. माझ्यासोबत घडली आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर पुढे जा. तुम्ही विश्वास ठेवलात म्हणून माझं काही हलकं होणार नाही.

तारीख पक्की आठवते. १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. दुपारचे साडेतीन. जागा, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडजवळची केळीची बाग.

भुतं रात्री दिसतात म्हणे.

मला भर दुपारी दिसलं.

मी ललित. वडील जळगावकडून इकडे पेपर मिलमध्ये नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. बुऱ्हाणपुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि गेली चौदा वर्षं मी साप पकडतो. लोक फोटो पाठवतात, "भाऊ, हा कोणता?" मी दोन सेकंदांत उत्तर देतो. कवड्या, धामण, मण्यार, काय असेल ते. मला त्याचा माज होता. आता लपवून काय करू?

त्या दिवशी मी खकनारला एक धामण सोडायला गेलो होतो. तेवढ्यात सुनीलचा फोन आला. सुनील म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, वैजयंतीचा नवरा.

"भाऊ, वैजूला लागलं... पायाला. बागेत पाला काढत होती."

आमच्याकडे 'लागलं' म्हणजे साप चावला. मी ओरडलोच. गाडीत घाल आणि बुऱ्हाणपूरला निघ, म्हटलं.



तो हळूच म्हणाला, "तात्यांनी बंध बांधेल आहे. पाणी ओलांडू देत नाहीत. जनावर धरेल आहे, तुम्ही येऊन बघा म्हणतात."

तात्या म्हणजे सुनीलचे वडील. बंध मला माहीत होता. साप चावला की देवाच्या नावाने काळा दोरा बांधायचा. तो बांधला की वाहतं पाणी ओलांडायचं नाही, ओलांडलं तर बंध तुटतो आणि माणूस जातो. फक्त जाणकाराने 'विषारी आहे' असं सांगितलं, तरच दोरा सोडून दवाखान्यात न्यायचं. तिच्या सासरी ही रीत आजही पाळतात. आणि शेतापासून रस्त्यापर्यंत यायचं तर मध्ये नाला लागतो. ऑक्टोबरमध्ये त्याला पाणी असतं.

अर्ध्या तासाचा रस्ता मी वीस मिनिटांत कापला.

गाडी नाल्याच्या अलीकडे सोडली, पाण्यातून पलीकडे गेलो आणि बागेत घुसलो. शेतातल्या घराकडे जायला तोच जवळचा रस्ता होता.

केळीच्या बागेत तुम्ही कधी गेला असाल तर कळेल. बाहेर ऊन असतं, आत संध्याकाळ. खाली वाळलेला पाला, पाय टाकला की कुरकुर वाजतो. मी पळत होतो. माझ्याच पावलांचा आवाज चारी बाजूंनी येत होता.

मग तो आवाज आला...

स्स्स्स्स...

लांब. जाड. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा.

चौदा वर्षांत हा आवाज मी शेकडो वेळा ऐकला आहे. असा फुत्कार घोणसच टाकते.

मी जागीच थांबलो.

दोन ओळी सोडून पलीकडे एक बाई बसली होती. पाठमोरी. उपड्या घमेल्यावर.

मला हायसं वाटलं. साप घमेल्याखाली झाकून वर कुणीतरी बसायचं, ही इथली नेहमीची पद्धत. वाटलं, मजूर बाई असेल. सुनील म्हणाला होताच की जनावर धरलंय.

"ताई, उठा," मी म्हणालो. "बघू द्या मला."

ती उठली नाही.

"भाऊ, आधी सांगा. विषारी आहे का नाही?"

न बघता कसं सांगणार, असं मी विचारलं. खरं तर खेकसलोच. माझी बहीण तिकडे पडली होती.

ती मान न वळवता म्हणाली, "फोटोवर तर लगेच सांगितलं होतं तुम्ही."

तेव्हा मला काही कळलं नाही. मी वैजूच्या विचारात होतो.

ती थोडी बाजूला सरकली आणि घमेल्याची कड वर केली.

आत घोणस होती. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या. तिकोनी डोकं, बारीक मान. शंका घ्यायला जागाच नव्हती.

मी मागे सरकलो. माझ्या पायाखाली पाला वाजला.

आणि मग लक्षात आलं...

ती सरकली, तेव्हा पाला वाजला नव्हता.

मी खाली बघितलं. तिचा उजवा पाय पुढे आला होता. घोट्याच्या वर काळा दोरा बांधलेला. पाय इतका सुजला होता की दोरा मांसात रुतून बसला होता. कातडी निळी पडली होती.

घमेलं खाली टेकलं. फुत्कार बंद झाला.

एक पाखरू नाही. एक डास नाही. पंपाची मोटर नाही. काहीच नाही.

मी पळालो. मागे बघितलं नाही. मला भीती वाटली हे मी मान्य करतो, पण त्याहून जास्त घाई झाली होती.

शेतातल्या घरासमोर वैजू खाटेवर पडली होती. चेहरा पांढरा. पाय सुजलेला, घोट्यावर काळा दोरा. जखमेतून रक्त झिरपतच होतं. मला बघून ती रडायला लागली. म्हणाली, "दादा, मला घेऊन चल." मी तिचा हात धरला. तो गार होता.

तिचे सासरे, धोंडूतात्या, शांतपणे बादली घेऊन आले. वाईट माणूस नाही तो. सुनेवर जीव आहे त्यांचा. त्यांचे दोन भाऊ बंध बांधलेले असताना नदी ओलांडताना गेले, हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं.

"हे बघा पाहुणे. पोरांनी तिथंच मारेल आहे."

मी बादलीत वाकलो.

डुरक्या होता.

डुरक्या घोणस म्हणतात त्याला, नावापुरतीच घोणस. बोथट आखूड शेपूट, वेडेवाकडे डाग, मान कळतच नाही अशी. पूर्ण बिनविषारी. माझ्या हातून शंभर गेले असतील.

मी विचारलं, "मग बागेत घमेल्यावर कोण बसलंय?"

बागेत कोणी नाही, सुनील म्हणाला. सगळे मजूर इथंच होते. मी मोजले. सगळे इथंच होते.

आणि त्याच क्षणी मला तो फोटो आठवला...

मागच्या वर्षीचा ऑगस्ट. जैनाबादहून, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या समोर तापीपलीकडून, एका नंबरवरून फोटो आला होता. अर्धा साप पाल्याखाली, फोटो हललेला. खाली एवढंच, "भाऊ, हा कोणता?" दुकानात गिऱ्हाईक होतं. मी लिहिलं, 'डुरक्या. बिनविषारी. मारू नका.' कुणाला चावला आहे का, हे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नंतर कळलं, साप त्यांच्या घरातल्या बाईला चावला होता आणि बंध बांधला होता. मी बिनविषारी म्हणालो म्हणून त्यांनी तिला तापी ओलांडू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरवरून एक ओळ आली. "भाऊ, ती गेली."

नंतर साप पकडणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याच सापाचा स्वच्छ फोटो आला. घोणस होती. बाईचं नाव सरुबाई.

मी माझा मेसेज डिलीट केला. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"पाहुणे," तात्या म्हणाले, "बोला. विषारी का बिनविषारी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सूज दोरा घट्ट बांधल्याने आली, असं ते आधीच ठरवून बसले होते. काहीही असो, दवाखान्यात न्या, असं मी दोनदा म्हणालो. तात्यांनी दोनदा नाही म्हणून मान हलवली. त्यांना सापाचं नाव हवं होतं.

बादलीतला साप माझ्या डोळ्यांसमोर होता. बागेतला कुणाला दाखवता येणार नव्हता. चौदा वर्षांचा अनुभव एक सांगत होता आणि एक मेलेली बाई दुसरं.

मी तात्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"घोणस आहे," मी म्हणालो. "अस्सल. तासाभरात रक्त पातळ होईल. सोडा तो दोरा."

आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून साप खोटा ओळखला.

तात्या खाटेशी वाकून गाठ सोडायला लागले. दोरा सुटेना, शेवटी सुनीलने कोयत्याने कापला. आम्ही तिला खाटेसकट उचललं आणि नाला ओलांडला. पाणी मांडीपर्यंत होतं. मधोमध आल्यावर वैजूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तात्या काठावर उभे राहून देवाचं नाव घेत होते. मीही घेतलं. मी देव मानत नाही, तरी घेतलं.

बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. चांगलं रक्त तेवढ्यात गोठतं.

तिचं गोठलं नाही. पाण्यासारखं हलत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, घोणसच चावली आहे. लगेच विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. अजून तास गेला असता तर कठीण होतं, असंही म्हणाले. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी सुनीलने माणसं लावून सगळी बाग शोधली. घोणस मिळाली नाही. एक घमेलं मिळालं, उपडं ठेवलेलं. खाली काही नव्हतं. घमेलं त्यांचं नव्हतं. आसपासच्या कुणाचंही नव्हतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हणालो असतो, त्या बाईने मला माफ केलं. माझ्या बहिणीला वाचवायला आली. तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. जैनाबादला जाईन, तिच्या नवऱ्याचे पाय धरीन, असंही ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वैजूला घरी सोडणार होते. मी तिच्या पिशव्या भरत होतो. ती बरीच तरतरीत दिसत होती, चहासोबत बिस्किटं खात होती.

मध्येच म्हणाली, "दादा, ती बाई कोण रे?"

कोणती, मी विचारलं.

"तुझ्या ओळखीची आहे म्हणाली. रोज यायची. इथं पायाशी बसायची. तिचाही पाय सुजेल होता... मला वाटलं, तीही इथंच भरती आहे."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

मी खोटं बोललो हे वैजूला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. सरुबाईचं तर नावही तिने ऐकलेलं नव्हतं.

मी कसंबसं विचारलं, काय म्हणाली?

वैजूने जरा आठवून बघितलं. तिला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं, ती नुसता निरोप सांगत होती.

"म्हणाली, भावाला विचार. बहिणीसाठी खोटं बोलता आलं ना त्याला? मग माझ्यासाठी 'दवाखान्यात न्या' एवढं लिहायला काय झालं होतं?"

आज इतके महिने झाले. फोटो अजून येतात. कोणताही साप असो, मी आधी विचारतो, कुणाला लागलंय का, आणि आधी दवाखान्यात न्या असं लिहितो. लोकांना वाटतं ललितभाऊ घाबरट झाला.

जैनाबादला मी अजून गेलेलो नाही. पुलापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो.

वैजू फोनवर अधूनमधून विचारते, दादा, तिला काय उत्तर दिलंस? मी विषय बदलतो. ती म्हणते, सांगून टाक रे एकदा.

ती बाई आता वैजूच्या घरी येऊन बसते.