न हलणारी धरती

या मंडळी, मागे कशाला बसता, सतरंजीवर पुढे पुष्कळ जागा आहे. जवळ या. एका बाईने ग्रह घडवायला घेतला आणि घडवता घडवता तिचा हात कसा थबकला, ती गोष्ट आज ऐकायची आहे.

ही गोष्ट ज्या काळातली, त्या काळात कुणी "एक गाव होतं" असं म्हणालं, की ऐकणारे आधी विचारत, "कुठल्या ग्रहावर? आणि तो टिकतो का?" कारण घरोघरी नसले, तरी गावोगावी विश्वमाग आले होते. मागावर सूत चढवावं तसे या यंत्रात सूर्य, खडक, पाणी, हवा चढवायची. निसर्गाच्या नियमांनी जसं घडेल तसं कोट्यवधी वर्षांचं कापड यंत्र तासाभरात विणून दाखवी. त्यात माणसं वसवली, तर त्यांच्या पिढ्याही उलगडत. मागावर जो ग्रह मेला, त्याच्यावरचं आख्यान कुणी ऐकून घेत नसे.

द्वारकाबुवा नेवरेकरांना असा एक ग्रह हवा होता. कीर्तनाला उभी राहिली की बाईसुद्धा बुवाच, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आंबेखोल गाव भूकंपात गेलं, त्याला बारा वर्षं होत आली होती. वाचलेल्या माणसांच्या नव्या वसाहतीत सप्ताह बसायचा होता, आणि बुवांनी त्यांना शब्द देऊन ठेवला होता, "यंदा आख्यानात तुम्हाला असं जग दाखवते, जिथे जमीन कधी हलत नाही." त्यांची स्वतःची लेक, पेटीवर साथ करणारी रेवती, त्याच भूकंपात गेली होती. ग्रहाचं नावही त्यांनी ठरवलं होतं. निवांत.

विश्वमागाचे जाणकार डॉक्टर रोशन तडवी यांच्यासमोर बुवा सकाळपासून बसल्या होत्या. पडद्यावरचा निवांत पांढराफटक पडला होता.

"गोठला," तडवी म्हणाले.

"परत? अहो, सूर्य चांगला दिलाय, समुद्र दिलाय. तुमचा माग नास्तिक दिसतोय."

"माग कुणाचंच ऐकत नाही, बुवा. माझंही नाही. घरीही माझी हीच परिस्थिती आहे."

बुवा हसल्या. "पण गोठतो का, ते मला समजेल असं सांगा."

तडवींनी खुर्ची जवळ ओढली. "हवेतला कार्बन वायू ही ग्रहाची गोधडी. तिच्यामुळे ऊब राहते. पाऊस पडला की तो ही गोधडी थोडी थोडी धुऊन नेतो. वायू पावसात विरघळतो, खडकाला भिडतो, नदीतून समुद्रात जातो आणि तळाशी चुनखडी होऊन बसतो. आपल्या पृथ्वीवर समुद्राचा तळ सरकत सरकत जमिनीखाली जातो, तिथे चुनखडी तापते आणि ज्वालामुखी तो वायू पुन्हा वर सोडतात. गोधडी परत अंगावर. तुम्ही म्हणालात, जमीन हलायला नको. मग गेलेली गोधडी परत कोण आणणार?"

"सूर्याच्या जवळ नेऊ या की."

"नेला होता. दुसरा ग्रह. त्याचा सूर्य वयाबरोबर तापत गेला आणि समुद्र उकळले. हलणारी जमीन गोधडी कमीजास्त करून सांभाळून घेते. न हलणारीला ते जमत नाही."

बुवांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "बरं, हलू द्या. पण दक्षिणेला. माणसं उत्तरेला ठेवा, मऊ गवताच्या मैदानात."

चौथा निवांत मात्र बहरला. ढग आले, रानं वाढली, माणसं नांदू लागली. आणि तीस पिढ्यांत ती चालत चालत दक्षिणेला गेली.

"अरे, तिकडे कशाला निघालीत?" बुवा पडद्यालाच म्हणाल्या.

"पाण्यासाठी. जमीन जिथे फाटते तिथेच झरे फुटतात."

झऱ्याकाठी गाव वसलं. झऱ्याचा उत्सव सुरू झाला. तेरा वर्षांची एक पोर कमरेवर घागर घेऊन गात होती,

पाणी दिलंस गं माये, काळा दगड फोडून
नाव तुझं ठावं नाही, उभी हात मी जोडून.

माग पुढे सरकला. चाळीस वर्षं. भर दुपारी झऱ्याखालची ती भेग हलली.

तडवींनी यंत्र थांबवलं. ते हळूच म्हणाले, "एक सुचवतो. आख्यान उत्सवापाशीच संपवा. पुढचं कुणाला दिसणार नाही. तुमचा शब्दही राहील."

"किती गेले?"

"एकेचाळीस."

"नावं?"

"मागितल्याशिवाय माग नावं काढत नाही. आकडे आहेत हे, बुवा."

"कीर्तनात बिननावाचं कुणी मरत नाही, डॉक्टर. आम्ही राक्षसालासुद्धा नाव देतो. काढा."

पहिलं नाव आलं. ठकुबाई, वय त्रेपन्न. धक्का बसताच अंगणात पळाली होती. बांधलेली शेळी सोडायला परत आत गेली. गाणारी पोर तीच.

बुवांनी विचारलं, "हिला वाचवायचं तर?"

"भेग बुजवा. ही कळ. मग झरा नाही, गाव नाही, ठकुबाईचा जन्मही नाही. आणि शेवटी बर्फ."

"नुसती हिला अंगणात धरून ठेवली तर?"

"तेही जमेल. पण हात घातलेला ग्रह टिकला असं कुणी मानत नाही. आणि मग उरलेल्या चाळिसांचं काय?"

बुवांचा हात कळीवर होता. पुष्कळ वेळ तिथेच होता. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

सप्ताहाच्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "शब्द दिला होता, तो खोटा ठरला," असं स्पष्ट म्हणाल्या आणि खणखणीत आवाजात गोधडी, पाऊस, भेग, झरा असं एकेक उलगडत गेल्या. झांजा वाजल्या, माणसं रडली आणि डोलली. हलते म्हणूनच धरती जगवते, हे त्या मंडपात सगळ्यांना पटलं.

पुढे बसलेल्या धोंडूआबांनी तेवढ्यात हात वर केला. भूकंपात त्यांचं सगळं घर गेलं होतं.

"बुवा, मग तिला काय सांगितलंत?"

"कुणाला, आबा?"

"त्या शेळीवालीला. का मेली म्हणून विचारलं असेल की तिनं."

बारा वर्षं बुवा हाच प्रश्न विठ्ठलाला विचारत होत्या, कधी रुसून, कधी भांडून. आता तो त्यांच्याकडे आला होता. उत्तर तयार होतं, पहिल्या थेंबापासून शेवटच्या धक्क्यापर्यंत बरोबर होतं. आणि शेळीचं दावं हातात धरलेल्या बाईला त्यातलं एक अक्षरही सांगता येण्याजोगं नव्हतं.

"आबा," बुवा म्हणाल्या, "तिचं मला सगळं ऐकू येतं. माझं तिला काही ऐकू जात नाही."

मग आबांनीच टाळी धरली आणि भजन सुरू झालं.

मंडळी, एवढीच विनंती. पाणी ओंजळीत घ्याल तेव्हा ठकुबाईची आठवण काढा. ती कुठल्याच जगात जन्मली नव्हती. तिला आठवायला आपल्याशिवाय कुणी नाही.