ओला गिलावा

देवळाच्या भिंतीवरचा संत ख्रिस्तोफरचा चेहरा दुरुस्त करायला मेओ चित्रकार सिएना शहरातून पुन्हा त्या गावात आला. सकाळी त्या चेहऱ्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी गावाची श्रद्धा. पण हिवाळ्यात चेहराच पोपडे होऊन गळून पडला होता.

का गळला, ते एकट्या मेओला ठाऊक होतं. रंग ओल्या गिलाव्यावर द्यायचा असतो, तरच तो चुन्यात मुरतो. मागच्या खेपेला हे चित्र काढताना मेओ गावातल्या एका लग्नात पिऊन पडला, दुसऱ्या दिवशी उशिरा आला आणि वाळलेल्या गिलाव्यावर अंड्यात कालवलेला रंग फासून मोकळा झाला. बोभाटा झाला तेव्हा त्यानं नूतो गवंड्याच्या चुन्यावर खापर फोडलं. नूतोला मग कुणी काम देईना. एक दिवस तो चुन्याच्या खड्ड्यात पडून मेला. त्या सकाळी त्यानंही भिंतीकडे पाहिलं असणार, पण तिथं चेहराच नव्हता. हे आठवलं की मेओला स्वतःची शिसारी येई, पण तोंड काही उघडत नसे.

तो परांचीवर चढला, तर चेहऱ्यापुरता गिलावा आधीच केलेला. ओला, तुळतुळीत. नवा गवंडी दिसतो, हात चांगला आहे, असं म्हणत त्यानं कुंचला उचलला. दुपारपर्यंत चेहरा पुरा झाला.

"गिलावा कुणी केला रे?" खालून पाद्रीबाबांनी विचारलं.

"तुमच्याच गवंड्यानं..."

"आमच्याकडे कुठला गवंडी? नूतो गेल्यापासून कुणी नाही."

तेवढ्यात नूतोची बायको लापा पुढे आली.

"मेओदादा, एकदाच सांगा. आमच्या ह्यांचा चुना खरंच वाईट होता? लोक अजून मला ऐकवतात."

'चांगला होता' हे शब्द जिभेवर आले. पण खाली निम्मं गाव उभं होतं. लाजेनं त्याचे कान तापले.

"वाईटच होता, वहिनी."

लापा मागं सरली. लोकांनी वर बघून छातीवर क्रूस काढला, गुडघे टेकले. मेओनं वळून पाहिलं. भिंतीवर चेहरा नव्हता. नुसता ओला गिलावा होता.

"पाद्रीबाबा... चेहरा दिसतोय ना?"

"दिसतोय की. तुला नाही दिसत?"

कोऱ्या चुन्यावरून थापी फिरत असल्याचा आवाज येत होता. खरड... खरड... आणि त्याच्या शेजारची रिकामी फळी कुणाच्या तरी वजनानं हळूहळू वाकत होती.