साखराबाईंचा नववा टेक

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. खालाने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली होती. पण आज दुपारी घरात मी एकटीच आहे, आणि एकटीने हे मनात ठेवून बसणं मला जमत नाहीये. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

शकिलाखाला माझ्या अम्मीची धाकटी बहीण. दहावीच्या क्लाससाठी मला मुखेडहून नांदेडला आणलं, तेव्हापासून मी तिच्याकडे राहते. घरात खाला, नानी आणि मी. नजीरनाना मागच्या हिवाळ्यात गेले. ते एका रेडिओ केंद्रात रेकॉर्डिंगच्या कामावर होते. केंद्राचं नाव मी लिहीत नाही.

तर, केंद्र नव्या जागेत गेलं आणि जुनी इमारत एका क्लासवाल्याने घेतली. वरच्या मजल्यावर लाकडी पार्टिशनं ठोकून वर्ग पाडायचं काम सुरूही झालं. खाली मात्र जुन्या टेपांचे तीनशेच्या वर डबे तसेच पडून होते. ते ऐकायचे, कामाचं तेवढं कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि बाकीचे भंगारात द्यायचे, असं ठरलं. ते काम शकिलाला मिळालं. जुन्या मशीनवर टेप कशी चढवायची हे ती लहानपणी अब्बांच्या, म्हणजे नजीरनानांच्या, मांडीवर बसून शिकली होती.

पण तिने ते काम मागून घेतलं होतं, त्याचं कारण वेगळंच होतं. जायच्या आठ दिवस आधी अब्बांनी तिचं मनगट धरलं होतं.

"पाळण्याचा एक डबा हाय बेटा. साखराबाईचा. भूकंपाच्या दिवशीचा. सापडला तर शेवटपर्यंत ऐक. ती अजून आतच बसलीय."

"कुठे आत, अब्बा?"

"मी तिला बाहेर या म्हणलो न्हाई. तू म्हण. आणि तिनं काय विचारलं तर खरं सांग. झूट नक्को बोल. झूट मी बोललो."

शकिलाला वाटलं, तापात बरळताहेत. पण धरलेलं मनगट दोन दिवस दुखत होतं.

स्टुडिओची एक रीत असते. दारावरचा लाल दिवा लागला की आतल्या माणसाने जागचं हलायचं नाही. काचेपलीकडे बूथ असतो. तिथून कुणीतरी बटण दाबून "झालं, या बाहेर" म्हणेपर्यंत खोकायचंही नाही. खेड्यांतून येणाऱ्या बाया ही रीत देवाच्या नेमासारखी पाळायच्या.

रोज दुपारी शकिला एकेक डबा उघडायची. आंबूस वास यायचा. डब्यावर रेकॉर्डिंग करून घेणाऱ्या साहेबांचं नाव टाइप केलेलं असायचं. गाणाऱ्यांच्या जागी 'ग्रामीण स्त्री', 'एक वृद्ध', 'भजनी व इतर' एवढंच. गाण्यांच्या मधे मधे बोलणी यायची.

"बाई, बांगड्या उतरवा. माईकला ऐकू येतात."

"सवाशिनीचा हात मोकळा कसा करू साहेब?"

"मग फडकं गुंडाळा त्यांना. आणि पाणी नंतर, घसा ओला झाला की आवाज बदलतो."

असं डब्यामागून डबा. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. शकिलाला तेच जास्त लागायचं.

गेटावर भुजंगमामा असायचे. तीस वर्षं तिथेच वॉचमन. ती निघाली की विचारायचे, "काय शकिलाबाई, आज किती भुतं उतरवली कॉम्पुटरवर?"

"अकरा, मामा."

"माझी सासू घावली तर तिथंच ऱ्हाऊ द्या. लई बोलती."

तिसऱ्या आठवड्यात कपाटामागे पडलेला एक डबा निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'पाळणा. ग्रामीण स्त्री. ३०-९-९३. टेक ९ ओके.' कोपऱ्यात बारीक उर्दूत, अब्बांच्या अक्षरात, एकच शब्द होता. साखराबाई.

तिने तो डबा भुजंगमामांना दाखवला. त्या दिवशी त्यांना चेष्टा सुचली नाही.

"तेरणा नदीकाठची बाई," ते म्हणाले. "आदल्या सांजच्याला एस्टीनं आली, व्हरांड्यात निजली. पहाटं भुई हालली तवा आम्ही समदे अंगणात पळालो. सकाळी सातला हिला आत घेतली. मग साहेब लोक घाईनं जीपमधी बसून लातूरकडं गेले. नजीरभाईला बी नेलं, माईक धराया. दुपारी मी झाडू घेऊन आत गेलो, तर बाई तशीच बसलेली. लाल दिवा चालूच. मला म्हणली, झालं का? मी म्हणलो, मला काय ठावं, मी वॉचमन. पाणी आणतो म्हणलो. आलो तर आत कुणी न्हाई."

"बाहेर गेली असेल."

"गेट बंद व्हतं. चावी माझ्या कमरंला."

शकिलाने बूथमध्ये जाऊन टेप चढवली. दुपारचे दोन वाजले होते. वर ठोकाठोकी चालू होती. काचेपलीकडचा स्टुडिओ काळाभोर होता. छतावरून लोंबणारा जुना माईक तेवढा अंधूक दिसत होता.

आवाज आला तो अगदी साधा, घरातल्या घरात म्हणावा तसा.

"नीज माझ्या बाई, भुई तुझी आई,
भुईच्या कुशीत थंडी वाजायाची न्हाई."

पाळणा संपला. मग तोच आवाज म्हणाला, "साहेब, पहाटं भुई हालली. आमच्या गावाकडची काय खबर?"

"सगळं ठीक आहे बाई. पुन्हा एकदा घेऊ. शेवटचा शब्द खाल्लात."

दुसरा टेक झाला, तिसरा झाला. चौथ्याच्या वेळी बूथमध्ये फोन वाजला. बूथमधलं बोलणं टेपवर यायला नको होतं. पण अब्बांनी, चुकून की मुद्दाम कोण जाणे, बूथचा माईकही टेपला जोडून ठेवला होता.

"साहेब," हा अब्बांचा आवाज. तरुण. "तिचं गाव गेलं. एक माळवदी घर उभं न्हाई म्हणतात."

"हळू बोला, नजीर."

"तिची पोर घरी हाय साहेब. सात वर्सांची. सिंधु नाव हाय."

"गाणं झाल्यावर सांगू. आत्ता कळलं तर ती गाणार आहे का? टेप आजच्या गाडीने मुंबईला जायची आहे."

मग बटणाचा खट्ट आवाज झाला. ज्या आवाजाने शकिलाला लहानपणी गोष्टी सांगितल्या होत्या, तोच आवाज म्हणाला, "सगळं ठीक हाय बाई. म्हणा."

शकिलाने मशीन थांबवायला हात पुढे केला. मग तिला आठवलं, शेवटपर्यंत ऐक. तिने हात मांडीवर ठेवला.

नऊ टेक. नवव्याला साहेब "ओके" म्हणाले, पण ते बूथमध्ये, बटण न दाबता. खुर्च्या सरकल्या. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दार लागलं. मग टेपवर एका बाईचा श्वास तेवढा राहिला.

"झालं का वो साहेब?"

श्वास.

"झालं का वो?"

दर थोड्या वेळाने तेच, तितक्याच अदबीने. आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. शकिलाने घड्याळ पाहिलं. टेप लावून पंचवीस मिनिटं झाली होती.

अडीच वाजता लाईट गेली. दुपारचं लोडशेडिंग रोजचंच. वरची ठोकाठोकी थांबली, पंखा थांबला, कॉम्प्युटर मावळला. मशीनवरची चाकं हळू हळू होत थांबली.

"झालं का वो साहेब...?"

चाकं थांबलेलीच होती. आवाज मशीनमधून आला नव्हता. काचेपलीकडून आला होता.

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. लाईट नसताना. त्या उजेडात खुर्चीवर काहीतरी होतं, बसलेल्या माणसाएवढं. वास येत होता तो टेपांचा नव्हता. जुनी भिंत पावसात बसली की पांढऱ्या मातीचा येतो तसा, ओला, नाकात भरणारा.

शकिला सांगते, पळून जावं असं तिला वाटलंच नाही. वाटलं ते एवढंच, की ही बाई अठरा वर्षं बसून आहे आणि तिला कुणी ऊठ म्हटलेलं नाही.

तिने बटण दाबलं.

"झालं, बाई. या बाहेर."

आत बोदा आवाज झाला. फडकं गुंडाळलेल्या बांगड्यांचा.

"आता जाऊ ना घरी? सिंधु वाट बघत आसंल. गावाकडं समदं ठीक हाय न्हवं?"

हेच विचारणार, हे अब्बांना माहीत होतं. शकिलाने तोंड उघडलं. सांगायचे शब्द तीन-चारच होते. पण समोरून येणारा तो विश्वास, साहेब म्हणतील ते खरं मानणारा...

"सिंधु..." ती म्हणाली. "सिंधु ठीक आहे. आमच्या घरी आहे. झोपलीय."

"तुमच्या घरी?"

"हो."

"लई उपकार झाले, बाई." बांगड्या पुन्हा वाजल्या. "कुठं वो घर तुमचं?"

आणि शकिलाने, खेड्यातून आलेल्या बाईला समजावून सांगावा तसा, पत्ता सांगितला. पोस्टाच्या मागची गल्ली. पिठाची गिरणी. गिरणीवर निळा जिना, नऊ पायऱ्यांचा.

लाल दिवा विझला.

लाईट आली तेव्हा स्टुडिओत कुणी नव्हतं. खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून व्हरांड्यापर्यंत पांढऱ्या मातीची पावलं होती. अनवाणी, लहान, घाईची. शकिला गेटापर्यंत धावली. भुजंगमामा उभे होते, हातात चावी.

"आत्ता कोण गेलं वो भायेर?" त्यांनी विचारलं. "गेट तर बंद हाय..."

दुसऱ्या दिवशी तिने टेप पुन्हा लावली. चुकीचं ऐकलं असेल, अशी मनाची समजूत घालून. नऊ टेक होते, हॉर्न होता, दार होतं, श्वास होता. आणि सगळ्यात शेवटी, अठरा वर्षांपूर्वीच्या त्या टेपवर, खरखरीतून, शकिलाचा स्वतःचा आवाज होता. सिंधु ठीक आहे. आमच्या घरी आहे. झोपलीय.

तिने हे मला सांगितलं, कारण सांगावंच लागलं. मीच तिला विचारलं होतं की आपल्या जिन्यावर रोज पांढरी माती कोण आणतं. पहिल्या दिवशी ती खालच्या पायरीवर होती. नानी म्हणाल्या, गिरणीचं पीठ असेल. पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर. पिठाला असा वास येत नाही.

खाला तेव्हापासून दुपारी घरीच थांबते. तिने मला बजावलंय, वेगळ्या नावाने कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. तू नुसती गप्प बस, तुला ते चांगलं जमतं, असंही म्हणाली. रोज दुपारी ती जिन्याच्या दाराशी जाऊन बसते. सांगणार असते. ओठ हलताना मला दिसतात. मग पावलं परत खाली जातात आणि खाला पाणी पिऊन भांडी घासायला घेते.

आज मात्र डबे सोपवायची शेवटची तारीख होती, म्हणून ती गेली. नानींना साखर तपासायला सोबत नेलं. अडीचच्या आत येते म्हणाली होती. आता दोन चाळीस झालेत. गिरणी बंद आहे. लाईट गेली वाटतं.

सकाळी मी पाहिलं, माती आठव्या पायरीवर होती.

मघाशी दारापलीकडे बांगड्या वाजल्या. बोद्या. आणि अगदी हळू, निजलेल्याला दचकवू नये अशा बेताने, "सिंधु... ऊठ बाई. घरी जाऊ."

मी गप्प बसले. मला ते चांगलं जमतं. पण मग ती म्हणाली, "झालं का वो?" आणि पुन्हा म्हणाली. ती कडी वाजवत नाही. कुणीतरी या म्हणेल म्हणून उभी आहे.

आम्ही गप्प राहिलो तर ती अशीच उभी राहणार. नानांनी सांगितलं नाही, खालाला सांगता आलं नाही. आता मीच उरले. अनोळखी माणसाशी बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणून वाक्य आधी इथे लिहून घेते, आणि मग दारातून तेवढंच वाचून दाखवते.

साखराबाई, इथे सिंधु नाही. मी अर्शिया आहे, नजीरभाईंची नात. आमच्या घरातली माणसं तुमच्याशी खोटं बोलली. तुमची सिंधु त्या दिवशी पहाटे

थांबा, पुन्हा सिंधु म्हणून हाक मारतेय, आले, एवढं वाक्य पुरं