आधीच पुसलेले ठिपके

ग्रीसवाल्या काकांनी बत्तीस वर्षं रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्यांना ग्रीस लावलं. त्या आभाळातलं काय ऐकतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते खातं बायकोचं. ती वरच्या मजल्यावर आभाळाचे नकाशे करायची. गेल्या वर्षी ती गेली आणि तिचा अर्धवट नकाशा लेकीच्या टेबलावर आला.

सोमवारी सकाळी लेकीनं त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"बाबा, शुक्रवारी दुपारपर्यंत नकाशा गेला, तर शोधनिबंधावर आईचं नाव पहिलं. नाही तर दुसरे छापून मोकळे होतील."

"मला ग्रीस सोडून काय येतं?"

"पुसायला येतं. फरशी पुसताना कपाटाखालचंसुद्धा सोडत नाही तुम्ही."

पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा. त्यांचे दोन समूह एकमेकांत घुसत होते. लेकीनं समजावलं, आकाशगंगा एकमेकींना न लागता निघून जातात, पण मधला तापलेला वायू धडकतो. त्या धडकेनं, कधीचे थकून गप्प झालेले कण पुन्हा जागे होतात आणि सगळीकडे धूसर उजेड पसरतो. सगळे ठिपके पुसल्यावरही तो उरला, तरच तो खरा.

"थकलेले पुन्हा उजळतात?"

"उजळतात."

"मजा आहे त्यांची," काका म्हणाले आणि माऊस धरला.

काम सोपं होतं. ठिपक्याभोवती वर्तुळ काढायचं. दुर्बिणीकडून सकाळी ताजं चित्र आलं, की यंत्र वर्तुळातला ठिपका वजा करायचं. फक्त, नसलेला ठिपका वजा केला, की तिथं काळा खड्डा पडायचा.

मंगळवारी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात अकरा खड्डे पडले.

"बाबा, दोनदा पुसलेत."

"एकदाच."

लेकीनं यादी तपासली. प्रत्येक वर्तुळ एकदाच होतं. तिनं खांदे उडवले, खड्डे भरले आणि चहा आणायला गेली.

काका पडद्याकडे बघत राहिले. बाकीचे सगळे वरून सुरुवात करायचे. खाली येईपर्यंत माणूस दमतो आणि तिथंच चुका होतात, म्हणून बायको खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची. तिच्यावर अख्खा मजला हसायचा.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते वरून पुसू लागले. बुधवारी आलेल्या ताज्या चित्रात खालच्या दोन ओळी आधीच साफ होत्या, गुरुवारच्या चित्रात पाच. खड्डा एकही नाही. काका जिन्यात शीळ घालू लागले. जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा लेक बघतच राहिली.

"काय हो, आज स्वारी खुशीत?"

"जोडीनं काम उरकतंय."

लेकीला वाटलं, आपल्याबद्दलच बोलतायत. तीही हसली.

शुक्रवारी सकाळी एकही ठिपका उरला नव्हता. धूसर उजेड मात्र होता, दोन्ही समूहांवर सायीसारखा पसरलेला. लेकीनं आईचं नाव पहिलं टाकलं आणि नकाशा पाठवला. मग वडिलांना मिठी मारली. सगळा मजला टाळ्या वाजवत होता.

पडताळणीसाठी तिनं समुद्रापलीकडच्या दुर्बिणीला आभाळाचा तोच तुकडा बघायला सांगितलं होतं. अकरा वाजता तिथल्या बाईंचा फोन आला. लेकीनं तो स्पीकरवर टाकला.

"अभिनंदन. उजेड खरा आहे."

"थँक्यू. तुम्ही ठिपके पुसले कसे इतक्या लवकर?"

"पुसले नाहीत. हे तासाभरापूर्वीचं कच्चं चित्र आहे. आम्हाला वाटलं, दुर्बीण बिघडली. तपासली. ती ठीक आहे."

सगळा मजला टेबलाभोवती गोळा झाला.

"म्हणजे ठिपके..."

"आभाळातच नाहीत."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, लग्नाच्या फोटोत होतं तसं हसू होतं.

"आणखी एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "हा उजेड आमच्याकडे पहाटेपासून वाढतोय. दर तासाला थोडा. तुमच्याकडेही?"

लेकीनं ताजं चित्र मागवलं.

बायको भेटायला येत असल्यासारखं काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि केसांवरून हात फिरवला.